मुंब्रादेवीचा डोंगर दिसला की फोन पर्समध्ये

गेल्या पावसाळ्यात माझी झोप उडाली. रात्री दोनला पंख्याकडे बघत ऑफिसचे हिशेब करायचे. मग एका सोमवारी पहाटे उठून ध्यान, योगा, डायरी सगळं एकदम सुरू केलं. गुरुवारी बंद! आमच्या सोसायटीत पाणी साडेपाचला येतं, ध्यान कसलं करता?

मग उलटं केलं. सवयीसाठी वेगळी वेळ काढलीच नाही, जे रोज घडतंच त्याच्या शेपटीला ती बांधली. डोंबिवली स्लो लोकलमध्ये मला बसायला मिळतं. मुंब्र्याला देवीचा डोंगर दिसला की फोन पर्समध्ये, तो मुलुंडपर्यंत बाहेर येत नाही. पहिला आठवडा हात नुसते शिवशिवत होते. आता कळव्यानंतरची खाडी बघते, समोरच्या मावशी मटार सोलत असतील तर दोन मुठी मीही घेते. अलार्म लावू नका, तो बंद करता येतो. स्टेशन निवडा, ते येतंच.

दुसरी सवय चालण्याची. सीएसएमटी स्टेशनहून काळा घोड्याचं ऑफिस माझ्या चालीनं पंधरा मिनिटं. शेअर टॅक्सी सोडली. जाऊन-येऊन अर्धा तास, पाच दिवसांची १५० मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान एवढाच मध्यम व्यायाम सांगते. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतक्या वेगानं चाला. सकाळचं ऊन अंगावर पडतं, त्यानं रात्रीची झोपही सुधारते.

चहा मात्र जड गेला. कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणून शेवटचा कप चारला. साडेसहाच्या कटिंगची आठवण अजून येते.

आणि २१ दिवसांत सवय लागते म्हणतात, ते विसरा. लंडनमध्ये संशोधक फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सवय मुरायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाला २५४. एखादा दिवस हुकल्यानं फारसं बिघडलं नाही. रुळांवर पाणी भरलं त्या दिवशी मीही घरीच फोन घेऊन लोळले होते.

पण दोन आठवडे मन उदास असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर सवयींवर विसंबू नका. डॉक्टर गाठा, किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, रात्रीही चालतो. मी तो डोंबिवलीच्या फलाटावर बसून लावला होता. मराठीत बोलता आलं. दोन लोकल सोडल्या.