रेझिन बॉडीची स्केल मॉडेल कार कशी बनवायची: उदाहरणाला आपली पद्मिनी

प्लास्टिकच्या किट बांधायची सवय झाली की एक दिवस अडचण येतेच, आपल्याला हवी ती गाडी किटमध्ये मिळत नाही. टामिया, हासेगावा, रेव्हेल या किटवाल्या कंपन्यांकडे मस्टँग आणि स्कायलाइन ढिगाने आहेत, पण कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी तिथे कुठून मिळणार. कारण सरळ आहे, प्लास्टिक किटचा साचा स्टीलचा असतो, त्याला प्रचंड खर्च येतो आणि हजारो डबे विकले तरच तो सुटतो. रेझिनवाल्याचं, म्हणजे ओतून घट्ट होणाऱ्या द्रवातून बॉडी काढणाऱ्याचं, तसं नसतं. तो एक मास्टर, म्हणजे मूळ नमुना, बनवतो, त्यावरून सिलिकॉन रबरचा साचा काढतो, दोन भागांचं पॉलियुरेथेन मिसळून त्यात ओततो, आणि रबर फाटेपर्यंत जेवढ्या कॉप्या निघतील तेवढ्या निघतात. आता तर थ्रीडी प्रिंटही मिळते, फाइल असली तर तुमच्या शहरातल्याच प्रिंटवाल्याकडून बॉडी काढून घेता येते.

पण हातात येते ती बहुतेक वेळा नुसती बॉडी, फार तर बंपर आणि पुढची जाळी. चॅसी म्हणजे खालचा सांगाडा, चाकं, सीट हे दुसऱ्या किटमधून घ्यायचं, त्याला डोनर किट म्हणतात. म्हणजे कधीच न भेटलेल्या दोन वस्तूंचं लग्न लावायचं असतं, आणि माझं ठाम मत आहे की रेझिनच्या गाडीचा निकाल रंगावर लागत नाही, तो इथे लागतो. रंगाचा डबा उघडायच्या आधी गाडी आपल्या चार चाकांवर बरोबर उभी राहिली पाहिजे.

विकत घ्यायच्या आधी मापं काढा

सगळ्यात महत्त्वाचं माप म्हणजे व्हीलबेस, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यातलं अंतर. पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११०० डी, तिचा व्हीलबेस २३४० मिमी. आपण १:२४ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढी बनवतोय, म्हणून २४ ने भागा, ९७.५ मिमी आले. हेच १:२५ मध्ये ९३.६ येतात. अमेरिकन किट बऱ्याचदा १:२५ असतात आणि जपानी १:२४, दोन्ही शेजारी ठेवले तर डोळ्याला पटकन कळत नाही, पण चाक कमानीत चार मिमी पुढे-मागे गेलं की गाडी बघताक्षणी चुकीची वाटते. त्यामुळे बॉडी विकणाऱ्याला स्केल विचारू नका, पुढच्या कमानीच्या मध्यापासून मागच्या कमानीच्या मध्यापर्यंत व्हर्नियरने मोजून किती येतात ते विचारा.

आता डोनर. मी हासेगावाची १:२४ डॅटसन ब्लूबर्ड ५१० सुचवेन, कारण तीही पुढे इंजिन आणि मागच्या चाकांना ड्राइव्ह असलेली त्याच अंगाची सेडान आहे. खऱ्या गाडीचा व्हीलबेस २४२० मिमी म्हणजे स्केलमध्ये साधारण १००.८, आपल्याला ३.३ मिमी कमी करायचेत, एवढं सहज जमतं. फक्त दोन गोष्टी बदलाव्या लागतील. एक, ब्लूबर्डचं मागचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे आणि पद्मिनीला मागे लीफ स्प्रिंगवर सरळ अॅक्सल, ते प्लास्टिकच्या पट्ट्या एकावर एक चिकटवून करता येतं. दुसरं, चाकं. पद्मिनीचं रिम १४ इंची, म्हणजे स्केलमध्ये जवळपास १४.८ मिमी, तेव्हा १३ इंची ब्लूबर्डची चाकं तशीच लावू नका, वेगळी शोधा किंवा प्रिंट करून घ्या.

बॉडी हातात आली की

आधी नीट बघा. बल्बसमोर धरा, छतावर, खांबांत, जाळीच्या कोपऱ्यात हवेचे बुडबुडे आहेत का, बॉडी पिळलेली आहे का, काही तुटलंय का. बदलून मागायची असेल तर आत्ताच मागा, ब्लेड लावल्यावर कोणी ऐकत नाही.

मग धुवा. साच्यातून सुटावी म्हणून फवारलेलं तेलकट रसायन अंगावर राहतं आणि त्यावर कुठलाच रंग टिकत नाही. कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड, जुना टूथब्रश, आणि चांगली दहा मिनिटं घासायची, जाळीच्या खाचा आणि दाराच्या रेघा सोडायच्या नाहीत. प्रिंट केलेली बॉडी असेल तर ती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुऊन यूव्हीखाली पूर्ण पक्की झालीय ना याची खात्री करा, चिकट लागत असेल तर उघड्या हाताने धरू नका, कच्च्या रेझिनची कातडीला अॅलर्जी येते, नायट्राइलचे हातमोजे घाला.

ओतीव बॉडी पिळलेली असेल तर घाबरू नका, पॉलियुरेथेन गरम झालं की मऊ पडतं. चटका बसेल इतक्या गरम पाण्यात, पण उकळत्या नाही, मिनिटभर ठेवा, जाड मोज्यांनी बाहेर काढून सरळ करा, सपाट काचेवर दाबून धरा आणि तशीच गार पाण्याखाली न्या. एकदम नाही जमलं तर परत करा, जोर लावून एकाच वेळी वाकवलं तर पुढच्या काचेचा खांब तुटतो.

घासणे, भरणे, चिकटवणे

खिडक्यांत पापुद्र्यासारखा जादा माल असतो तो नव्या ब्लेडने हळूहळू कापा, मग पाण्यात बुडवून पॉलिश पेपर मारा. पाणी का, तर रेझिनची धूळ फुफ्फुसाला वाईट. कोरडं घासणं टाळाच, आणि मोटर टूल वापरणार असाल तर एन ९५ मास्क लावल्याशिवाय सुरू करू नका.

टाचणीएवढी भोकं फेविक्विकने भरा, मोठी असतील तर ड्रिलने अजून थोडी मोठी करून मग भरा, नाहीतर वरून झाकलेला बुडबुडा घासताना परत उघडा पडतो. फेविक्विक वाळल्यावर तासाभरात घासून घ्या, दुसऱ्या दिवशी ते आजूबाजूच्या रेझिनपेक्षा कडक होतं आणि भोवती खड्डा पडतो. मोठ्या भागाला दोन भागांची पुट्टी.

प्लास्टिक किटचा सिमेंट रेझिनवर चालत नाही हे पक्कं लक्षात ठेवा. तो प्लास्टिक विरघळवून जोडतो, रेझिन विरघळतच नाही. इथे फेविक्विक किंवा अराल्डाइट, आणि त्याआधी दोन्ही बाजू खरखरीत करून घ्यायच्या. बंपरसारखी लोंबणारी वस्तू असेल तर पितळी तारेची पिन घाला, नुसत्या गोंदावर ती एका धक्क्यात जाते.

दाराच्या, बॉनेटच्या, डिकीच्या रेघा याच टप्प्यात खोल करा, ब्लेडच्या उलट्या टोकाने, हलक्या हाताने, दहा-बारा वेळा. रंगाचे थर चढले की उथळ रेघ बुजून जाते.

चॅसी आणि बॉडीचं जमवणं

इथे वेळ घाला, खरंच. आधी कमानींच्या कडा आतून पातळ करा. ओतीव बॉडी दोन मिमी जाड असते, १:२४ च्या हिशोबाने तो जवळपास पाच सेंटीमीटर जाडीचा पत्रा झाला, म्हणून कितीही छान रंगवली तरी गाडी ठोकळ्यासारखी दिसते. सगळीकडे पातळ करायची गरज नाही, जिथे कड दिसते तिथेच. घासताना मागे बल्ब ठेवा, फिकट रेझिनमधून उजेड आरपार यायला लागला की थांबा.

मग चॅसी कापायची. दोन चाकांच्या मध्ये, सीटखाली फरशी सपाट असते तिथे दोन रेघा ३.३ मिमी अंतरावर मारा आणि बारीक करवतीने रेघांच्या आतल्या बाजूने कापा, कारण करवतीचं पातंही थोडा माल खातं, उरलेलं पॉलिश पेपरने रेघेपर्यंत आणा. जोडताना चॅसी सरळ पट्टीला टेकवून धरा आणि सांध्यावर आतून प्लास्टिकची पट्टी लावा, ही किटची चॅसी असल्याने इथे सिमेंट चालतो. आतला टब, म्हणजे ज्यात सीट बसतात तो खोका, त्याचेही तेवढेच मिमी काढायला लागतात, आणि बॉडी जाड असल्याने तो टब रुंदीलाही घासावा लागतो, डॅशबोर्ड काचेला अडतो, हे सगळं रंग न लावता पुन्हा पुन्हा बसवून बघायचं.

बॉडीच्या आत चार कोपऱ्यांत प्लास्टिकच्या नळीचे तुकडे अराल्डाइटने उभे करा आणि चॅसी त्यांना बारीक स्क्रूने धरा. चिकटवून टाकण्यापेक्षा स्क्रू कधीही बरा, रंगाच्या वेळी परत सुटी करता येते, आणि उंची बदलायची असेल तर नळी एक मिमी घासली की गाडी एक मिमी खाली येते.

आता चाकं लावून काचेवर ठेवा आणि प्रत्येक टायरखाली साध्या कागदाची पट्टी सरकवून बघा. चारही ठिकाणी पट्टी अडली पाहिजे. एखाद्या टायरखालून ती आरामात निघून गेली तर ते चाक हवेत आहे. मग डोळे टेबलाच्या पातळीला आणून समोरून आणि मागून बघा, डावी-उजवी फट सारखी आहे का. हे जमल्याशिवाय पुढे जाऊ नका.

फियाटची पद्मिनी करताना

बॉडी इटालियन ११०० डी ची असेल तर स्टिअरिंग डावीकडे असणार. आपल्याला उजवीकडे हवं, म्हणून डॅशबोर्ड आरशासारखा उलटवायचा, प्रिंट असेल तर सॉफ्टवेअरमध्ये मिररचं एक बटण दाबलं की झालं. वायपरचीही दिशा बदला, हे खूप जण विसरतात. जाळी आणि बंपर वर्षाप्रमाणे वेगळे आहेत. ही गाडी १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून आली आणि १९७४ पासून पद्मिनी झाली, म्हणून कोणत्या वर्षाची बनवताय ते ठरवा आणि त्याच गाडीचे फोटो समोर ठेवा. डुक्कर फियाट, म्हणजे त्याआधीची जुनी ११००, करायची असेल तर तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, म्हणजे बिजागऱ्या आणि हँडल दोन्ही जागा बदलतात.

काळी-पिवळी रंगवणे

परत धुवा, वाळवा, यानंतर बोट लावायचं नाही. राखाडी प्रायमर पातळ मारा, सगळे ओरखडे आता दिसतील, भरा, ८०० आणि मग १००० नंबरने पाण्यात घासा, परत प्रायमर. काळा ग्लॉस काहीच लपवत नाही म्हणून इथे कंटाळा नको.

पिवळा आधी, आणि त्याच्याखाली पांढरा बेस, राखाडीवर पिवळा मळकट दिसतो. पिवळा किमान एक दिवस वाळला की छत झाकून टेप लावा. पिवळा नेमका कुठे थांबतो ते फोटोत बघून ठरवा. टेपच्या कडेवर आधी एक पातळ हात पिवळ्याचाच मारा, जी फट असेल ती पिवळ्याने बुजते, मग काळा मारला की रेघ एकदम धारदार निघते. गॅरेजवाला ड्युको, म्हणजे खऱ्या गाड्यांना फवारतात तो रंग, रेझिनवर चांगला बसतो, पण त्याचं थिनर किटच्या प्लास्टिकचे भाग खातं, ते भाग वेगळे रंगवा. आणि मुंबई-कोकणात पावसाळ्यात ड्युको मारू नका, हवेतल्या दमटपणाने त्यावर पांढुरकी झाक येते, काळ्यावर तर लगेच दिसते.

क्रोमच्या पट्ट्यांना चिकट पातळ फॉइल सगळ्यात चांगलं, काडीने दाबून बसवा आणि कोऱ्या ब्लेडने कडा कापा. काचा ओएचपी (ओव्हरहेड प्रोजेक्टर) च्या पारदर्शक प्लास्टिक शीटमधून कापा, पुढच्या दाराची त्रिकोणी काच विसरू नका. काचेला फेविक्विक अजिबात नाही, त्याच्या वाफेने धुकं चढतं, वाळल्यावर पारदर्शक होणारा फेविकॉल वापरा.

शेवटी टॅक्सीपण. डावीकडे बाहेर लावलेला लोखंडी मीटर, वर तारेचं कॅरिअर, पिवळ्या पाटीवर काळे आकडे. मुंबईत रजिस्टर झालेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मधली, वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ ला ती रस्त्यावरून उतरली, तेव्हा नंबर निवडताना २००३ नंतरची सीरिज टाकू नका. तयार मॉडेल खिडकीच्या उन्हात किंवा मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका, रेझिन उष्णतेने बसतं, छत झुकतं आणि तुम्ही मिमी मिमी मोजून बसवलेली चाकं पुन्हा वाकडी दिसायला लागतात.