नागअळीसाठी फवारणी कशी बेतावी आणि औषध पानावर किती टिकते

फवारणी करूनही नागअळी हटत नाही, तेव्हा दोष बहुधा औषधाला दिला जातो. पुष्कळदा मात्र वेळ चुकलेली असते. लिंबूवर्गीय झाडांवरील नागअळी पानाच्या पापुद्र्याखाली राहून खाते, त्यामुळे वरवर बसणारे स्पर्शजन्य औषध तिला गाठतच नाही.

आधी कोवळे पान उजेडासमोर धरावे आणि चंदेरी नागमोडी रेघेचे रुंद टोक भिंगातून पाहावे. रेघेच्या मधोमध दिसणारी काळसर बारीक ओळ ही अळीची विष्ठा असते, तर टोकाशी फिकट पिवळसर अळी सापडते. पानाची कडा मुडपून आत कोष झाला असेल, तर त्या पानापुरती वेळ टळली असे समजावे.

यानंतर झाडाचे वय पाहावे. मोठे झाड हे नुकसान सहज सोसते, त्यामुळे तेथे पाणसोट (जोमाने सरळ वाढणारे, फळ न देणारे फुटवे) काढणे आणि नत्राचा अतिरेक टाळणे एवढे बहुधा पुरते. साधारण 4 वर्षांपर्यंतच्या झाडांची नवती, म्हणजे नवी कोवळी पालवी, मात्र जपावी लागते. नागअळीचा प्रौढ पतंग कोवळ्या पानांवरच अंडी घालतो, म्हणून नवती फुटून पहिल्या रेघा उमटताच फवारणी करावी.

अबामेक्टिन किंवा स्पिनोसॅड पानाच्या आत काही प्रमाणात झिरपते, तर इमिडाक्लोप्रिड आळवणीने, म्हणजे बुंध्याशी औषधाचे पाणी ओतल्याने, मुळांवाटे पानात पोहोचते. मात्र ते मकरंदातही उतरते आणि मधमाश्यांना बाधते, म्हणून फुलोऱ्याच्या आधी किंवा फुलोऱ्यात देऊ नये. फळझाडासाठी त्या पिकाची शिफारस, मात्रा आणि काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी लेबलावर पाहूनच औषध निवडावे.

औषध टिकण्याचा हिशेब येथे सुरू होतो. अबामेक्टिनचा पृष्ठभागावरील थर उन्हात झपाट्याने विघटित होतो, पण आत शिरलेला अंश बराच अधिक टिकतो. म्हणून संध्याकाळी, पाऊस नसताना फवारावे. ऊन आणि पाऊस सर्वांच्या लक्षात येतात, पानाची वाढ मात्र विसरली जाते. 2 सेंटिमीटर लांबीचे पान त्याच आकारात 4 सेंटिमीटरचे झाले की क्षेत्रफळ चौपट होते, म्हणजे औषधाचा एक कणही नष्ट झाला नाही तरी प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पाव हिस्साच उरतो. फवारणीनंतर उमललेल्या पानांवर तर काहीच नसते. मात्रा वाढवून ही उणीव भरून निघत नाही.

आठवड्याने पुन्हा पाने पाहावीत. जुन्या रेघा पान गळेपर्यंत तशाच राहतात, त्यामुळे त्या पाहून घाबरू नये. अशी पाने तोडूही नयेत, कारण त्यांचा हिरवा भाग झाडाला अन्न पुरवतच असतो आणि रेघेत अळीवर वाढणारी परोपजीवी गांधीलमाशीही असू शकते. नव्या पानांत जिवंत अळी दिसली तरच, लेबलावरील अंतर पाळून, दुसऱ्या गटातील, म्हणजे वेगळ्या प्रकारे काम करणारे, औषध फवारावे.