जुनी कंबरदुखी : मालिश, मोबिलायझेशन की झटका?

दुखणं बारा आठवड्यांच्या वर गेलं की ते जुनं. हात लावू देण्याआधी एक बघा: मांड्यांच्या मधे बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं, पाऊल लुळं पडणं, यातलं काहीही असेल तर थेट हॉस्पिटल गाठा.

मालिशीने आखडलेले स्नायू सैल पडतात, पण आराम बहुधा थोडे दिवसच टिकतो. मोबिलायझेशनमध्ये फिजिओथेरपिस्ट पालथं झोपवून मणक्यावर तळहाताच्या कडेने लयीत हलका दाब देतो. दुखलं तर तिथेच थांबवता येतं. झटक्यात (मॅनिप्युलेशन, म्हणजे मणक्याला हाताने एकदम दिलेला जोरकस हिसका) ती सोय नाही, एकदा दिला की दिला. हाडं ठिसूळ असतील किंवा स्टेरॉइड बरीच वर्षं चालू असतील तर तो नकोच. आणि तो ‘कट्’ आवाज म्हणजे मणका जागेवर बसला असं नव्हे, सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार होतो, इतकंच. हाडवैद्य काहीही म्हणोत.

परिणामात या तिघांत फार अंतर नाही. म्हणून एका वेळी एकच उपचार घ्या, नाहीतर गुण कशाचा ते कळत नाही. सुरुवातीला वेदनेला ० ते १० मध्ये आकडा द्या, गुडघे न वाकवता पुढे झुकून बोटं जमिनीपासून किती सेंटिमीटरवर राहतात ते टेपने मोजा. उपचाराच्या चार ते सहा बैठकींनंतर, दिवसाच्या त्याच वेळेला, परत मोजा. कारण सकाळी कंबर तशीही ताठ असते. आकडा दोननेही उतरला नाही तर पैसे वाचवा. सोबत रोजचं चालणं आणि व्यायाम हवाच. नुसत्या हातांवर कंबर सुधारत नाही.