मोटर बदलायच्या आधी वायर हलवून बघा

सांगलीत गॅरेजला लागलो तेव्हा माझ्याकडे आयटीआयचा कागद होता, मल्टिमीटर धरायची अक्कल नव्हती. पहिल्याच महिन्यात एका गाडीची ड्रायव्हरकडची काच वर जाईना, म्हणून मी थेट विंडो मोटर बदलली. काच चालली, गिऱ्हाईक खूश होऊन गेलं आणि चौथ्या दिवशी परत आलं. दार आणि खांबाच्या मधे रबरी नळी असते ना, तिच्यातली वायर दार उघडून-मिटून आतून तुटली होती. मोटर बसवताना ती हलली, तेवढ्यापुरती जुळली. मिस्त्रींनी पैसे कापले नाहीत, पण ती जुनी, चांगली मोटर महिनाभर माझ्या जेवणाच्या डब्याशेजारी ठेवली.

तेव्हा आधी नळी. बटण दाबून धरा आणि दार सावकाश उघडा-मिटा. मधेच मोटर गुरगुरली की दोष सापडला.

मोटर तशी साधी, १२ व्होल्टची डीसी. दोन वायरींची अदलाबदल केली की उलटी फिरते. आत वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारख्या दांड्याने फिरणारं दातेरी चाक असतं, म्हणून वरून दाबली तरी काच खाली येत नाही. फसवतं ते मोजमाप. कप्लर, म्हणजे मोटरीला वायरी जोडणारा प्लग, काढून मीटर लावलं तर एका तारेवर लोंबणारी वायरसुद्धा १२ दाखवते. मोटर जोडलेली ठेवून, बटण दाबून मोजा. तिथे १२ चे ७-८ व्होल्ट झाले, तर दोष वायरीत, स्विचमध्ये नाहीतर अर्थिंगमध्ये.

नव्या गाड्यांत बऱ्याचदा बटणातून मोटरीला करंट जातच नाही, नुसता निरोप जातो. बहुतेक वेळा एकाच वायरीवरून, लिन म्हणतात तिला. तिथे टेस्ट लॅम्प, म्हणजे करंट बघायचा दिवा, लावू नका. एका झटक्यात वर जाणाऱ्या काचेत हॉल सेन्सर मोटरीचे फेरे मोजतो, हात अडकला तर काच मागे घेतो. बॅटरी काढली की कित्येक गाड्या ही मोजणी विसरतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, "तुम्हीच बिघडवलं!" बहुधा काच पूर्ण खाली, मग पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवलं की जमतं. रीत गाडीगणिक बदलते, मॅन्युअल बघा.

ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर आलेल्या दारांनी मला सगळ्यात जास्त शिकवलं. कृष्णेच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीची मोटर सुकवली की फिरायची, पण कप्लरच्या पिनांवरचा हिरवा गंज महिन्याभराने तोंड उघडायचा. आणि डोअर पॅडमागचा, म्हणजे दाराच्या आतल्या आवरणामागचा प्लास्टिकचा कागद! नवी पोरं तो फाडून फेकतात. काचेच्या रबराशेजारून पाऊस दारात उतरतोच आणि तळाच्या भोकांतून निघून जातो. कागद नसला की तेच पाणी पॅडवर, स्विचवर, पायातल्या मॅटवर.

पहिल्या पगारात गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर घेऊ नका. बरा मीटर आणि पॅड उचकटायची प्लास्टिकची पट्टी घ्या. डझनभर क्लिपाही खिशात ठेवा, प्रत्येक दाराला एक तरी तुटतेच.