२१४७४८३६४७ मूळ संख्या आहे का, एक्सेलवर स्वतः तपासा

२१४७४८३६४७ म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. ही मूळ संख्या आहे असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण कुणाच्या शब्दावर कशाला जायचं, एक्सेल नाहीतर गूगल शीट्स उघडा, दहा मिनिटांचं काम आहे. (जुन्या ३२ बिट सिस्टिममधली घड्याळं १९७० पासूनचे सेकंद मोजत या आकड्यापर्यंतच जाऊ शकतात, १९ जानेवारी २०३८, आपल्याकडे सकाळचे ८:४४:०७, पुढे बोंब. असो.)

वर्गमूळ येतं ४६३४० आणि थोडं वर, म्हणून तेवढ्यापर्यंतच्या आकड्यांनी भागून बघितलं तरी पुरतं. पण गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये हे केलं तेव्हा त्याला डोळ्यांनी जवळपास दिसत नव्हतं आणि एवढे भागाकार तो कशाला करत बसेल, त्याने आधी चाळण लावली. हिला भागणारी कुठलीही मूळ संख्या घ्या, तिला ३१ ने भागलं की बाकी १ च येणार, हे फर्माच्या छोट्या प्रमेयातून (घाताला मूळ संख्येने भागलं की बाकी किती ते सांगणारा नियम) निघतं. आणि ८ ने भागलं की बाकी १ नाहीतर ७, कारण त्या भाजकाच्या हिशोबात (म्हणजे त्याने भागून उरणाऱ्या बाकीत) २ चा ३२ वा घात परत २ च होतो, म्हणजे २ हा २ च्या १६ व्या घाताचा वर्ग झाला, आणि २ असा वर्ग होतो तो फक्त या दोनच बाक्यांना. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ (३१ गुणिले ८) ची पट अधिक १ किंवा अधिक ६३, एवढेच उमेदवार उरतात.

आधी छोट्यावर हात बसवा. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७. तिथे उमेदवार ८८ ची पट अधिक १ किंवा अधिक २३. पहिलाच २३, आणि २३ गुणिले ८९ बरोबर २०४७, झाली की विकेट.

आता शीट. पहिल्या कॉलममध्ये २४८ गुणिले ओळ क्रमांक अधिक १, दुसऱ्यात तेच पण अधिक ६३, खाली १८६ ओळींपर्यंत ओढा. शेवटी ४६१२९ आणि ४६१९१ दिसले पाहिजेत. नुसता ६३ सुटतो, पण तो मूळ नाहीच त्यामुळे चालतं. पुढच्या दोन कॉलममध्ये मॉड फंक्शनने २१४७४८३६४७ ला या उमेदवारांनी भागून बाकी काढा, पहिल्या ओळीत ७९ आणि ३५ येईल, नाही आलं तर आकडा टाईप करताना चुकलाय. मी वर हेडिंग टाकून ठेवलं होतं, त्यामुळे मोजणी २ पासून सुरू झाली आणि २४९ आणि ३११ दोन्ही गायब, अर्धा तास डोकं खाजवत बसलो. हेडिंग नकोच.

शेवटी काउंटइफने ० बाकी किती ते मोजा. ३७२ भागाकारांत एकही नाही आला की संख्या मूळ.

हीच शीट २०२४ मध्ये सापडलेल्या, ४ कोटी १० लाखांवर अंक असलेल्या मूळ संख्येवर चालवायला जाऊ नका, एका सेलमध्ये तो आकडा मावणारच नाही.