खांद्याच्या दुर्बिणीत धागा सांभाळायला शिकताना

स्क्रब म्हणून (ऑपरेशनमध्ये सर्जनच्या हातात अवजारं देणारी) खांद्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला मी पहिल्यांदा उभी राहिले ती नाशिकमध्येच. पेशंट निफाडकडचे द्राक्ष बागायतदार. मांडवाखाली हात वर करून छाटणीत वर्षं गेलेली, आणि आता शर्टाच्या बाहीत हात घालतानाही कळ यायची. एमआरआयमध्ये सुप्रास्पायनेटस या खांद्याच्या स्नायूचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) हाडापासून सुटलेला. रोटेटर कफच्या, म्हणजे खांद्याचा सांधा वेढणाऱ्या, चार टेंडनपैकी हाच सर्वांत जास्त फाटतो.

ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नव्याने येणाऱ्यांनी आधी पाणी, म्हणजे पंपाने सांध्यात सोडलेलं सलाईन, सांभाळायला शिकावं. सलाईनची तीन लिटरची पिशवी बघता बघता संपते. पिशवी रिकामी झाली की सांध्यातला दाब पडतो, बारीक रक्तवाहिन्या सुटतात आणि स्क्रीन लाल होतो. म्हणून पुढची पिशवी आधीच टांगून ठेवायला सांगा. पंपाच्या दाबाचा आकडा बघताना भूलतज्ज्ञांच्या मॉनिटरवरचा रक्तदाबही बघत जा. स्कोप, म्हणजे दुर्बिणीची नळी, ४ मिमीचा, ३० अंशांचा; तो तिरपा बघतो, त्यामुळे लाइट केबल फिरवली की दिसणारी बाजू बदलते. शेव्हर, बर, रेडिओफ्रिक्वेन्सी प्रोब ही खरवडायची, घासायची, जाळायची अवजारं दोन-चार केसमध्ये हातात बसतात.

खरी कसोटी अँकरची, म्हणजे टेंडन हाडाला परत बांधायच्या स्क्रूची. ५.५ मिमीचा स्क्रू हाडात बसतो, त्याच्या डोळ्यातून (भोकातून) बहुतेक वेळा दोन रंगांचे दोन धागे, म्हणजे चार टोकं बाहेर येतात. हे धागे डोळ्यात मोकळे सरकतात. दुसऱ्याच महिन्यात सरांनी, म्हणजे सर्जननी, निळं टोक मागितलं. ते कॅन्युलातून (खांद्यात घातलेल्या नळीतून) बाहेर घेताना दुसरं टोक धरायचं राहिलं आणि अख्खा धागा डोळ्यातून निघून हातात आला. हाडात बसलेला अँकर काढता येईना, दुसऱ्याचं पाकीट फोडावं लागलं. त्याचे पैसे त्या माणसाच्या बिलात गेले, ती बोच अजून आहे. तेव्हापासून ओढण्याआधी मी स्क्रीनवर अँकरचा डोळा बघते. तिथे धागा सरकताना दिसला की हात थांबवायचा. आर्टरी (धागा पकडायचा चिमटा) लावायची तर अगदी टोकाला. मध्ये लावली की धागा दुखावतो आणि गाठ आवळताना तुटू शकतो.

गाठ मारताना कॅन्युलात त्या गाठीची दोनच टोकं हवीत. बाकीची दुसऱ्या पोर्टलमधून (त्वचेतल्या छोट्या छेदातून) बाहेर काढून ठेवा, नाहीतर गुंता झालाच. आधी सरकगाठ, तिच्यावर पोस्ट (ज्या टोकाभोवती गाठ पडते ते) बदलत किमान तीन हाफ हिच, म्हणजे साध्या अर्ध्या गाठी. हे मी घरी गॅलरीतल्या खिळ्याला नायलॉनची दोरी बांधून शिकले. गाठ सर्जनच मारतात, पण पुढचं टोक कुठलं हे आपल्याला माहीत असलं की त्यांना मागावं लागत नाही.

कटरने तीन-चार मिमी शेपूट ठेवून धागा कापतात. मग सर प्रोबने टेंडन दाबून बघतात, हात हळूच फिरवून बघतात. टेंडन हाडाला चिकटून राहिलेला स्क्रीनवर दिसला की मी पंप बंद करायला सांगते.