अर्धवट विणकाम घेऊन या: मुंबईत विणकामाचा कट्टा कसा जमवावा

मुंबईत स्वेटर घालतं कोण, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात ऐकावा लागेल. उत्तर देत बसू नका. टोपडी, दुपटी, क्रोशाचे रुमाल, नाशिकच्या नातवाचा स्वेटर. विणायला पुष्कळ आहे.

सुरुवातीला चार-पाच जणी पुरतात. (जणही चालतात. आमच्याकडे एक निवृत्त मोटरमन क्रोशाचे साखळी आणि खांब हे टाके शिकताहेत.) थंडीत शिवाजी पार्कचा कट्टा छान, पावसाळ्यात मात्र सोसायटीचं ऑफिस किंवा कुणाचा तरी हॉल गाठा. वेळ दुपारी तीन ते पाच ठेवा. संध्याकाळच्या गर्दीआधी गाडी मिळते आणि काळ्या लोकरीचे टाके ट्यूबलाइटखाली मोजावे लागत नाहीत. लोकलमध्ये विणायचंच असेल तर वायरने जोडलेली गोल सुई घ्या. चौथ्या सीटवर बसून लांब सरळ सुया काढल्यात तर शेजारणीची बोलणी खाल.

आता मुख्य नियम: अर्धवट काम आधी दाखवायचं, पूर्ण झालेलं नंतर. आमच्या पहिल्या बैठकीला सगळ्यांनी तयार वस्तूच आणल्या. ‘वा, किती सुरेख’ झालं, चहा झाला, आणि नवशिक्या मंडळी पुन्हा फिरकली नाहीत. मीसुद्धा भाच्याचा स्वेटर पिशवीतून काढला नव्हता. तो एका बाहीवर अडकला होता आणि भाचा दहावीत गेला होता.

अर्धवट काम आणताना लोकरीचं लेबल आणि सुईचा नंबर सोबत हवा. लेबलावर रंगाचा लॉट असतो, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर. नवा गुंडा वेगळ्या लॉटचा निघाला तर पाठीवर पट्टा उमटतो. नंबरांचाही घोळ आहे. आपल्याकडच्या सुयांवर बहुधा जुने ब्रिटिश नंबर असतात, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी. अमेरिकन नमुन्यातली ८ नंबरची सुई मात्र ५ मिमीची. म्हणून कट्ट्यावर मिलिमीटरमध्येच बोला.

‘माप चुकलं’ ही तक्रार दर वेळी येते. आधी छोटा चौकोन विणून १० सेंमीत किती टाके बसतात ते मोजा. २२ बसत असतील तर ११० टाक्यांची पाठ ५० सेंमी होते. हात सैल असून २० बसले, तर ५५. पुढचा भाग धरला की घेर १० सेंमीने वाढला!

टाका सुटला तर सगळं उसवू नका. क्रोशाच्या सुईने तो शिडी चढवावी तसा एकेक धागा धरून वर आणा. जाळीची अवघड वीण असेल तर दर १०-१२ ओळींनी सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून ठेवा; उसवलं तरी तिथवरच उसवतं. आणि कुणाचं विणकाम न विचारता हातात घेऊ नका, चूक कितीही डोळ्यांत खुपली तरी.

पूर्ण झालेली वस्तू आली की आधी उलटी करून बघा, धाग्यांची टोकं कशी लपवलीत ते तिथे कळतं. लोकर किती लागली, किती टाके घातले, हे एका वहीत उतरवा. पुढच्या टोपड्याला उपयोगी पडतं. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवू नका, वीण कायमची चपटी होते. धुतलेलं विणकाम टॉवेलवर आडवं पसरून पंख्याखाली वाळवा, दोरीवर टाकलंत तर पाण्याच्या वजनाने लांबेल.

खाणं सुया पिशवीत गेल्यावरच. कांदेपोह्यांचा आग्रह कुणीतरी करेलच, पण हळदीचं बोट पांढऱ्या दुपट्याला लागलं की संपलं. साधी बिस्किटं आणा.